अनंतरावांचं पान

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात कौमुदीबाईंच्या खारातल्या मिरचीचा बोलबाला होता. शेजारणी वाट्या घेऊन यायच्या आणि वाटी भरून देताना बाईंची मान जराशी ताठ व्हायची. खरं गिऱ्हाईक मात्र घरातच होतं, त्यांचे यजमान अनंतराव. पाटबंधारे खात्यातले कारकून. भात, वरण, मिरची, पापड, झालं जेवण. मेथीची वाटी दिसली की बाजूला सारायचे. "मी का बैल आहो का, चारा टाकून राहिली?" भाजीवाली रोज दारावरून हाक देत जायची, लालभाजी, पपई, पेरू. बाई घ्यायच्या नाहीत. नवरा ज्याला हात लावत नाही ते आणायचं कशाला? नवऱ्याची जीभ म्हणजे घराचा कायदा, आणि असल्या कायद्याविरुद्ध मोर्चा कोणी काढत नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. अनंतरावांच्या टेबलावर फायली वाढल्या, त्यासोबत सिगारेटी. एका दुपारी ते म्हणाले, "दोन घासांतच पोट भरलं." दीड वर्ष चूर्णं आणि गॅसच्या गोळ्या चालल्या. घशातून नळी टाकून पाहिलं तेव्हा पोटातला कॅन्सर पसरला होता. तीन महिन्यांत माणूस गेला.

डॉक्टर बाईंशी नीट बोलले होते. हा रोग एका कारणानं होत नाही. खारट खाणं, सिगारेट, पोटातला एक जंतू, पुष्कळ गोष्टी असतात. भाजी-फळं खाणाऱ्यांत थोडा कमी दिसतो, एवढंच. कोणाला दोष देऊ नका. बाईंनी एवढ्यातला एकच शब्द उचलला, खारट, आणि तो घेऊन घरी आल्या.

मेल्यानंतर अनंतरावही घरीच होते. भर दुपारी दाराशी चपला काढल्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकायची. "मिरची नाही टाकली?" आवाजात राग नसायचा. राग असता तर बाईंनी भांडून घेतलं असतं. तो नव्हता, म्हणून दर वर्षी मिरची टाकत राहिल्या.

अशी चार वर्षं गेली. यंदा जूनमध्ये लेकानं, सचिननं, ताट सारलं. तो भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या कचेरीत होता. "बस आई. दो कौर में पेट भर गया."

शब्द तेवढे हिंदी. खुर्ची तीच, हात पोटावर ठेवायची तऱ्हाही तीच. बाईंनी त्याच दिवशी सगळ्या बरण्या नालीत उपड्या केल्या आणि भाजीवालीला थांबवलं. पण दुधी आणि पपई आत काय झालंय ते थोडंच दाखवणार? नळी टाकून बघ म्हणून त्या मागे लागल्या. सचिन बधेना.

"बाबा को नली डाली, उसके बाद ही गए ना? भाजी खातो मी, मान लिया. नळी नाही."

मग पितृपक्ष आला. गच्चीवर अनंतरावांचं पान वाढलं. पुरानी बस्तीतून त्यांचे धाकटे भाऊ नाना आले होते. त्यांनी पान निरखलं.

"वहिनी, मिरची कुठाय?"

"यंदा नाही."

"मेल्या माणसाले पथ्य लावून राहिले का तुम्ही? आता त्याले काय होणार आहे?"

कावळा टाकीवर येऊन बसला. पानाला शिवेना. तो शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. कावळा अडला म्हणजे मेलेल्याचं काही राहून गेलं, त्याला शब्द द्यावा लागतो. नाना हात जोडून उभे राहिले. "दादा, सचिनचं लग्न लावून देऊ." कावळा हलला नाही. "घराले रंग मारू." कावळ्यानं मान फिरवली. ऊन चढलं. सचिन कठड्याला टेकून पोट दाबत होता.

"शेजारून आणू का मिरची?" नाना म्हणाले. "सगळ्यांकडे तुमचीच तर आहे."

बाईंच्या मानेमागे कोणीतरी हळूच म्हणालं, "कौमुदी." त्यांचे पाय जिन्याकडे वळले. एक मिरची आणायची, की सगळं शांत होणार होतं. मग त्यांची नजर सचिनच्या हातावर गेली.

"नाना, सरका. सचिन, इकडे ये. बाबांले सांग, उद्या नळी टाकून घेतो म्हणून."

"आई, ये ब्लॅकमेल है."

"हव, आहे. बोल."

सचिननं पानापुढे हात जोडले. घरात मराठीला नेहमी हिंदी मिसळून उत्तर देणारा पोरगा, अडखळत म्हणाला, "बाबा, उद्या जातो मी."

कावळा उडाला तो पानाला न शिवता थेट तलावाकडे. नाना कासावीस झाले, दर्भाचा कावळा करायला बसले. बाई खाली जाऊन लेकाचं ताट वाढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सचिननं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. "डर लग रहा है," तो म्हणाला, आणि आत गेला. दार लागलं.

बाकावर बाजूची जागा रिकामी होती. थोड्या वेळानं तिथं कोणी बसल्यासारखं बाक हललं. बाईंनी वळून पाहिलं नाही. पदर आवरला, जरा सरकून जागा दिली. मग दोघंही दाराकडे बघत राहिले.