ठकठक नाना आणि भडगावचं दार

आमचे ठकठक नाना कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी दाराची विचारपूस करत. मधलं बोट वाकवून दोनदा ठोकायचं, मान तिरपी करून ऐकायचं आणि कुणी विचारलेलं नसताना निकाल द्यायचा. "सागवान शे, पण गाठीचं." मग चपला काढायच्या. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जळगावात त्यांची लाकडाची वखार होती आणि नशिराबादला आमचं एकत्र घर. घरात जेवायला बसतानासुद्धा ते आधी पाट वाजवून बघत आणि मगच त्यावर टेकत. पाट तोच, रोजचाच!

वखारीत लाकूड घ्यायला आलेला माणूस लवकर सुटत नसे. दाराला सागवान. कपाटाला कडुनिंब, कारण त्याच्या कडूपणाकडे वाळवी फिरकत नाही. गाडीच्या चाकाला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, खोक्यांना सालई. घराच्या खांबाला मात्र अंजन, ज्यात खिळा शिरत नाही, वाकून परत येतो. कुणी स्वस्तातलं आंब्याचं लाकूड दारासाठी मागितलं, की पोटच्या पोरीला दारुडा नवरा सुचवल्यासारखं नानांचं तोंड व्हायचं. "आंबा खावाले शे, दारले लावाले नई!"

माणसंही त्यांनी अशीच रचून ठेवली होती. गल्लीतले पुढारी सालई, वजनाला हलके. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, अंजन. हे ते तिच्यासमोर म्हणत नसत. मला मात्र त्यांनी शिसम ठरवलं होतं, रंधा मारला की चमकणारं. त्यानंतर कितीतरी दिवस मी आरशासमोर शिसमासारखी उभी राहत असे.

मग भडगावचं स्थळ आलं. मुलगा मला बघायला आला, पोह्यांतली अख्खी मिरची चावून बसला, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना "पोहे छान झालेत" म्हणाला. मला हसू आवरेना. तोही हसला. झालं, मला तोच हवा होता! आता फक्त आपल्या माणसांनी जाऊन त्यांचं घर बघून यायचं राहिलं होतं. निघताना मोठ्या आईने नानांना दम भरला, "हात खिशातून काढायचे नाहीत." नानांनी गळ्याची शपथ घेतली.

भडगावला माझे होणारे सासरे दारातच उभे होते. दार तपकिरी पॉलिशने नुसतं लखलखत होतं. त्यांनी त्यावर थाप मारली. "अस्सल सागवान बरं का!" नानांचे हात खिशात तडफडले, पण शपथ मोडली नाही. ते दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी दाराला टोपीसकट कपाळ ठोकलं. दोनदा.

"व्याही, हाऊ ते आंबा शे!"

वडिलांनी घाईने नानांना मागे ओढलं. आतून सासूबाईंनी जुनीच तक्रार ओरडून सांगितली, "मी कव्हयनी सांगस! पावसाळामा हालत नई ते!" सासरे लालबुंद झाले. चौथ्या दिवशी निरोप आला, तुम्ही चांगलं लाकूड शोधा, आम्ही दुसरी मुलगी शोधतो.

मी ताटावरून उठले. मोठ्या आईने नानांशी बोलणं टाकलं. नानांनी तर ठकठकच बंद केली, पाटावर नुसते बसू लागले, आणि त्यांना तसं बसलेलं बघून मला जास्तच रडू यायचं. मग ते दिवसदिवस वखारीत राहायला लागले. आषाढाच्या भर पावसात एक दिवस त्यांनी टेम्पोत सागवानाचं नवंकोरं दार घातलं आणि कुणाला न सांगता भडगाव गाठलं.

पुढचं सासूबाई सांगतात, दर पावसाळ्यात सांगतात. जुनं दार फुगून घट्ट बसलेलं. आतून सासरे ओढतायत, बाहेर नाना भिजतायत.

"कोण शे?"

"मी नाना. नवं दार लई उनू."

"हाई उघडत नई! बाहेरथीन धक्का मारा ना!"

"पहिले लगीनले हो म्हना, मंग मारसू."

सासरे मागच्या दाराकडे धावले. तिथे सासूबाई पाट टाकून बसलेल्या, हलायला तयार नाहीत. सासरे पुन्हा पुढे आले. त्यांच्या मदतीला नवरदेव होते, पण ते दार आत ओढायचं सोडून गुपचूप बाहेर रेटत होते. हे त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं. शेवटी सासरे ओरडले, "हो! हो म्हनस ना!" नानांनी खांदा लावला आणि दारासकट सासऱ्यांच्या अंगावर जाऊन पडले.

पण खरी गंमत पुढेच. नवं दार खालून चार बोटं आखूड! माप घेणार तरी कसं, नानांनी ते दार एकदाच आणि कपाळाने पाहिलेलं. सासऱ्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी जुन्या दाराची पट्टी कापून खाली जोडायला लावली. "शेवटी आमना आंबाच कामाले उना ना!" ती पट्टी अजूनही पावसाळ्यात फुगते आणि दार जमिनीला घासतं. त्या दोघांची मात्र अशी गट्टी जमली की नानांची ठकठक ऐकली की सासरे आतूनच ओरडत, "या नाना, उघडंच शे!"

पुढे नानांचे कान गेले. शेवटचे आले तेव्हा त्यांनी दार ठोकलं, मान तिरपी केली, आणि चेहरा कोराच राहिला. मला बघवेना. मी त्यांचा तळवा दारावर टेकवला आणि आत जाऊन दोनदा ठोकलं. बाहेरून आवाज आला, "वाजस! वाजस वं पोरी!"

नाना गेले तेव्हा मी नशिराबादला होते. सगळं आटोपून एकटीच भडगावला परतले. पावसाळा होता, दार लोटलेलं होतं. ढकलायचं सोडून माझं मधलं बोट आपोआप वाकलं आणि दोनदा वाजलं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "या नाना, उघडंच शे!"

थोड्या वेळाने दार घासत घासत उघडलं. सासरे समोर उभे होते, आणि आम्ही दोघंही उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून रडलो.