मंगळाच्या नावानं चांगभलं

माझं पहिलं लग्न मातीच्या घटाशी लागलं. थट्टा करत नाही. नांदेडला गोदावरीच्या घाटावर, भर दुपारी, अंतरपाट धरून, अक्षता टाकून लागलं. आणि ते लावणाऱ्यांत एकही माणूस अडाणी नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हायस्कूलचे हेडमास्तर. ज्याच्याशी माझं खरं लग्न ठरलं होतं, तो लातूरला शिकवणीत फिजिक्स शिकवायचा. शिकलेली माणसं एकदा येड्यासारखी वागायला लागली की अडाण्यांना त्यांची सर येत नाही.

माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ. सातवं घर नवऱ्याचं. तिथं मंगळ बसला की नवरा दगावतो म्हणे. मला कळायला लागल्यापासून आईनं मंगळवारचे उपास धरायला लावले. कुणी म्हणालं मसुरीची डाळ दान करा, केली. कुणी म्हणालं पोवळं घाला, घातलं. इतकी डाळ वाटली, पण तो मेला मंगळ तसूभर सरकला नाही. सरकणार कसा? त्याला माझ्या लग्नाशी काय देणंघेणं? स्थळं यायची, पत्रिका बघायची, पोहे खायची आणि कळवतो म्हणून जायची ती जायचीच.

मग हा आला. उंच, शेलाटा, बोलायला मोकळा. अण्णांनी ओशाळून पत्रिकेचं काढलं तर चक्क हसला. म्हणाला, "मंगळ लाल दिसतो तो गंजामुळं. लोखंड गंजतं ना, तसं. त्याला काय भ्यायचं?" मला तिथंच आवडला. लाजायचं सोडून मी सरळ त्याच्याकडं बघत राहिले; कंधारच्या आत्यानं चिमटा काढला तरी बघत राहिले. सुपारी फुटली. त्यानंतर पेपर तपासायच्या निमित्तानं तो नांदेडला यायचा आणि आम्ही बसस्टँडजवळ उसाचा रस प्यायचो. हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

आणि भूकंप झाला.

किल्लारीकडं गावंच्या गावं मातीत गेली. आमच्याकडं नांदेडलाही फळीवरची भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर येऊन बसली. लातुरात त्याच्या माजघराच्या भिंतीला तडा गेला. नुसता तडा. तिकडं माणसं ढिगाऱ्यातून निघत होती, आणि त्याची आई त्या तड्यापुढं बसून म्हणाली, "सून उंबऱ्यात यायच्या आधीच घर हललं." अगं बाई, जमीन हलवायची ताकद माझ्या अंगात असती तर मी लग्नासाठी तुझ्या दारात कशाला आले असते? पण नाही. एवढी माणसं मेली, त्यांच्या सगळ्यांच्या पत्रिका एका बाजूला आणि माझा मंगळ एका बाजूला!

त्यांच्या घरी एका गुरुजींचं येणंजाणं होतं. लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली पाट्या, पार धर्माबादपासून आलेली पोरं खोल्या करून राहिलेली, आणि त्यांच्या आया पत्रिका घेऊन गुरुजींच्या दारात. गुरुजी पत्रिका बघून कुणाला कुठली शिकवणी लाभेल ते सांगायचे. "ह्याला फिजिक्स पूर्वेकडच्या सरांकडं लावा, गुरू बळकट होईल." उद्या डॉक्टर व्हायला निघालेली पोरं बोटात पुष्कराज घालून गुरुत्वाकर्षणाची गणितं सोडवायची. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची शिकवणी पूर्वेला होती.

तर ह्या गुरुजींनी उपाय काढला कुंभविवाहाचा. मंगळाच्या मुलीचं लग्न आधी घटाशी लावायचं, मग तो घट पाण्यात सोडायचा. मंगळाला जो नवरा खायचाय तो त्यानं खाल्ला, पुढचा नवरा सुखरूप. म्हणजे बघा, हा मंगळ कोट्यवधी मैलांवरून माझं सातवं घर बरोबर ओळखतो, पण मडकं कोणतं आणि माणूस कोणता एवढं मात्र त्याला कळत नाही. मी लातूरला फोन लावला. तो म्हणाला, "करून टाक की. आई गप बसंल. माझा कुठं विश्वास हाय?" मी केलं. फक्त त्याच्यासाठी केलं.

हा विधी गुपचूप उरकतात. घरची चार माणसं जातात आणि परत येऊन त्याबद्दल बोलत नाहीत. पण अण्णांना हेडमास्तरकीमुळं काहीच गुपचूप करता यायचं नाही. त्यांनी भावकी बोलावली, जेवणाचा घाट घातला. आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या चाचींना बोलावून मला हिरवा चुडा भरला. चाचींनी चुडा भरता भरता विचारलं, "बेटी, नौशा किधर है?" आत्यानं नवरदेव म्हणून कोपऱ्यातल्या घटाकडं बोट दाखवलं. घटाला मुंडावळ्या बांधलेल्या होत्या. चाची "या अल्ला" म्हणाल्या आणि टोपली उचलून निघाल्या. त्या दिवशी आमच्या घरात आलेलं ते एकच शहाणं माणूस.

घाटावर मंगलाष्टकं झाली. मडक्याला कन्यादान करताना अण्णांचे डोळे भरून आले आणि मला हसू आवरेना. लातूरहून आलेल्या गुरुजींनी घट पाण्यात सोडला, तो गुडगुड करत बुडाला. "आता मंगळसूत्र काढून ठेवा," गुरुजी म्हणाले. एवढंच करायचं होतं. तिथं सगळं संपलं होतं.

पण आमच्या आत्यानं जन्मात कुठलं काम अर्धं सोडलं नव्हतं. "नवरा बुडाला न्हवं? मग चुडा कसा ऱ्हाईल?" असं म्हणून तिनं माझा हात धरला, पायरीवर टेकवला आणि दगडानं बांगड्या फोडल्या. दोन्ही हातांच्या. गुरुजी आ वासून बघत राहिले. माझ्या मनगटात काच घुसली, रक्त आलं. तोवर मला सगळी गंमत वाटत होती. आता वाटेना. जेवायच्या पंगतीत हळदीकुंकू फिरलं तेव्हा माझ्यापाशी येऊन करंडा पुढं गेला. कुणी मुद्दाम केलं नाही, हातच तसा वळला. मी पानातल्या पुरीचे तुकडे करत बसले.

गुरुजी बोलले नसते तरी आमच्या भावकीचं तोंड म्हणजे गावचावडी. पोरीच्या बांगड्या फुटल्या, ही बातमी आठ दिवसांत लातूरला पोचली. पुढच्याच रविवारी त्याची आई, गुरुजी आणि तो, असे तिघं आमच्या घरी हजर. आई म्हणाली, "तुमची पोरगी आता दुसरेपणाची झाली. नवरा गेलेली. माझ्या लेकाचं पहिलं लग्न हाय." अगं, कुणी सांगितलं होतं मडक्याशी लग्न लावायला? तूच ना?

गुरुजींनी घसा खाकरला. घट म्हणजे साक्षात विष्णुस्वरूप, म्हणाले. त्याला पती मानलं, चुडा फुटला, तेव्हा आता पतीचं उत्तरकार्य आलं. दहावा-तेरावा घाटावर रीतसर करावा, मुलीनं वर्षभर कुंकू लावू नये, मग पुढचं बघता येईल.

"विष्णूचं तेरावं?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "ब्राह्मण किती सांगावे लागतील?"

मी कपाळाला हात लावला. मग तशीच उठले आणि सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले, "जरा परसात या." आत्या असती तर ह्या वेळी चिमट्यावर भागलं नसतं. परसात तो माझ्याकडं न बघता पेरूच्या झाडाची पानं तोडत राहिला.

"एवढं एक करून टाक," तो म्हणाला. "आपलं काय जातं?"

"तुमचा विश्वास हाय का ह्याच्यावर?"

"माझा? छे! पण ॲडमिशनचे दिवस हायत. निम्मी बॅच गुरुजींच्या शब्दावर भरती. त्यांना दुखवून कसं चालंल? एक वर्षाचा तर प्रश्न हाय."

त्याच्या आईचा मला तितका राग आला नव्हता. ती भ्याली होती, खरोखर भ्याली होती. गुरुजींचं तर पोटच त्यावर होतं. अण्णांना पोरगी उजवायची होती. पण हा? ह्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो मला म्हणत होता, आधी वर्षभर विधवा होऊन बस, मग मी तुला नवरी करून नेतो. आणि त्याला वाटत होतं की ह्यात आपलं काहीच जात नाही. ज्या माणसाची मी स्टँडवर वाट बघायचे तो हाच, ह्याची मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

आत येऊन मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मला हे लग्न करायचं न्हाई."

"गप बस," अण्णा ओरडले. "खाली बस आधी."

मी बसले नाही. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली. माझ्या मंगळापायी जिनं सगळे देव पालथे घातले, ती ही आई. परपुरुषांपुढं तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिनं एकेकापुढं कप ठेवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चहा घ्या, अन् निघा. लातूरची गाडी लागली असंल."

गुरुजी ताडकन उठले. त्याची आई पदरानं तोंड पुसत दाराकडं निघाली. अण्णा खाली मान घालून बसले. त्यानं मात्र कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकर मारून सगळा संपवला आणि मग उठला.