ऐसपैस मिस्त्री

“तो खांब कसला, नुसता लुडबुड्या होता मधे.”

“दादा, तो लुडबुड्या वरचा मजला डोक्यावर घेऊन उभा होता.”

“मग? आग मी लावली का?”

“आग नाही लावलीस. पण हे आत शिरले तेव्हा वरचं धरायला काही ठेवलंही नाहीस.”

बहिणीच्या नवऱ्याची चाकाची खुर्ची दारातून जाईना, म्हणून गवंडी दार रुंद करायला आला होता. तिने त्याला छिन्नीच लावू दिली नव्हती.

सगळे त्याला ऐसपैस म्हणत. कुठल्याही घरात गेला की भिंतीवर टकटक करायचा आणि म्हणायचा, “ही काढू. ऐसपैस होईल.” लहानपणी सगळी भावंडं एका खोलीत अशी झोपत, की एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागे. त्या खोलीचा सूड तो जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींवर उगवत आला. हात इतका सफाईदार, की काढलेल्या खांबाचा मागमूस उरत नसे. वर गुळगुळीत गिलावा, रंग, शोभेचे दिवे. “सांगा बघू कुठे होता,” असं तो मालकालाच विचारी आणि मालक खुळ्यासारखा फरशी न्याहाळत राही.

त्याने असाच मधला खांब काढलेल्या कापडाच्या दुकानाला आग लागली तेव्हा अग्निशमन दलाच्या साहेबांनाही ते सांगता आलं नाही. ओळीतली दुकानं एकाच साच्यातली. शेजारी मधोमध खांब दिसला, म्हणजे इथेही असणारच. त्यांनी बहिणीच्या नवऱ्याला, आपल्या जवानाला, आत पाठवलं. वरचा मजला त्याच्या पाठीवर आला. आता तो आतल्या खोलीत पडून होता. कमरेखाली काही कळत नव्हतं, पण कान शाबूत होते.

“अग्निशमन केंद्रावर चल माझ्याबरोबर,” बहीण म्हणाली. “कुठे कुठे काय काढलंस ते सांग. पुढच्याला आत पाठवण्याआधी त्यांना कळू दे.”

“आणि उद्यापासून मला कुत्रं विचारणार नाही.”

“नको विचारू दे.”

“लोकांनीच सांगितलं काढायला. मोठी खोली त्यांना हवी, पाप मात्र गवंड्याचं.”

आतून आवाज आला, “मेव्हणे, माझी तक्रार नाही हो. तुमचं फिनिशिंग झकास. अंगावर पडेपर्यंत पत्ता लागला नाही.”

ऐसपैसने छिन्नी पिशवीत टाकली.

बहिणीचं लक्ष छताकडे गेलं. लग्नानंतर दादानेच हौसेने तिचं स्वयंपाकघर आणि पुढची खोली एक करून दिली होती. पाहुणे अजून कौतुक करत. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं.

“दादा,” तिचा आवाज उतरला होता, “इथली काढलीस ती नुसती आडभिंतच होती ना?”

त्याने पिशवी खांद्याला लावली, चपला पायात अर्ध्याच सरकवल्या आणि जिना उतरू लागला.