बंद पिशवीची घाण

उतारा, देवचार, बाधा… असलं मी कधीच मानलं नाही. रक्तपेढीत टेक्निशियन आहे, कट्टा गावाहून रोज एसटीने मालवणात येते. रक्त, पू, उलटी – किळस करत बसले तर नोकरी कशी करणार? म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

भर दुपार होती. वॉर्डात रुक्मिणी, बाजारात मासे विकणारी, अंगातलं रक्त एकदम उतरलेलं. धाप लागली होती, तरी मी नमुना घेताना म्हणते कशी, "ताजा बघून दी गो बाय. शिळा माका नको."

"रगात म्हणजे काय बांगडो?" मी म्हटलं.

माझे सहकारी प्रकाशभाऊ. त्यांनी तिचा रक्तगट काढला – एबी पॉझिटिव्ह. डॉक्टर फोनवर खेकसत होते, क्रॉसमॅच, म्हणजे तिचं रक्त पिशवीतल्याशी जुळवून बघणं, नंतर, आधी पिशवी पाठवा. मी फ्रीजमधून एबीची पिशवी काढली आणि… शी! उन्हात सडलेल्या कुर्ल्यांची घाण. पिशवी सीलबंद, थंडगार, बाहेर एक थेंब नाही. तरी ती घाण जिभेवर बसली. सकाळचे घावणे बेसिनमध्ये गेले.

भाऊंनी पिशवी नाकाला लावली. "खंयची घाण? तुझा पोट बिघडला आसात."

"मी नाय देवची ही," मी म्हटलं. हातात धरवतच नव्हती.

पिशवी नाकारायला काहीतरी कारण हवं म्हणून गट परत लावला. सोबत कंट्रोलची नळी लावली, म्हणजे नुसत्या तिच्या पेशी, गट ओळखायचं औषध नाही, त्यामुळे गुठळी व्हायलाच नको. भाऊंनी घाईत ती गाळली होती. त्या नळीतही गुठळ्या! तिच्या पेशींना तिच्याच अंगातली अँटीबॉडी चिकटली होती. कशातही घाला, गोळा होणारच. म्हणजे एबी खोटा. कोमट सलाइनने पेशी धूत राहिले, नळ्या उबेत ठेवल्या, तेव्हा कुठे गुठळ्या सुटल्या. गट निघाला ओ. एबी चढवलं असतं तर रुक्मिणी गेली असती.

भाऊंनी एबीची पिशवी स्वतः परत फ्रीजमध्ये ठेवली. ओची पिशवी मी हुंगली, कसलाच वास नाही. क्रॉसमॅच उबेत करून तीच चढवली.

ती एबीची पिशवी पुढे दुसऱ्या पेशंटला गेली, त्याला मानवली. देण्याआधी मी नाक लावलं होतं. काही म्हणजे काही नाही.

कंट्रोल गाळलाय हे मला ठाऊक नव्हतं. मग नाकाला कसं कळलं?

रुक्मिणी परत बाजारात बसते. मला बघितलं की बांगड्याचा कल्ला उघडून नाकाशी आणते, "बघ गो, ताजो आसा." मी तोंड फिरवते. तिला काही सांगितलेलं नाही. घरी मासे शिजत नाहीत, नवरा वैतागलाय.

कंट्रोल आता कोणी गाळत नाही. तरीही पिशवी बाहेर द्यायच्या आधी मी हुंगते. भाऊ हसतील वाटलं होतं. ते माझ्या हातातून घेतात आणि स्वतःही हुंगतात.