टोकदार गौर

चहा बशीत ओतून घ्या आणि कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत होतो, तर एका गृहस्थांच्या नाकातून चहा आला आणि वर दोष मलाच! फजित्या काय, माझ्या पुष्कळ झाल्यात. पण ह्या एका फजितीनं माझं नावच बदलून टाकलं. कसं, ते ऐका.

ते दिवस इंटिग्रेशनचे. हा शब्द तेव्हा बुऱ्हाणपुरात पानवाल्याच्याही तोंडी होता. नवा मध्यप्रदेश झाला होता. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, आणि भोपाळात बसून कुणीतरी जुन्या राज्यांचे सगळे मास्तर एका परातीत घेऊन कणकेसारखे मळत होतं. रोज कुणाची तरी बदली. कुणी रीव्याला, कुणी बस्तरला. आमचे चित्रकलेचे मास्तर सरगुज्याला गेले आणि तिथून लिहितात, इथे पोहोचेपर्यंत माझी काशी करून झाली असती!

बदलीच्या यादीत माझंही नाव लागलं होतं आणि मला बदली नको होती. लालबागेत घर, घरात एकटी आई, आणि जवळ तापी. पण माझं नशीब होतं शिक्षण खात्याच्या नव्या साहेबांच्या हातात. साहेब ग्वाल्हेरकडचे, मराठी माणूस, कडक इस्त्रीचे. गणपतीची सुट्टी संपली की ते शाळा तपासायला येणार होते. त्यांनी चांगला शेरा दिला तर मी बुऱ्हाणपुरात, नाहीतर वळकटी बांधा.

ह्यात फजिती कुठे, असंच मनात आलं ना? थांबा, येतेय.

आदल्या हिवाळ्यात पुण्याहून एक संशोधक येऊन तापीच्या काठी तंबू ठोकून राहिले होते. आदिमानवाची हत्यारं शोधायचे. मी इतिहासाचा मास्तर, म्हणून सहज भेटायला गेलो. त्यांनी एक गारगोटी घेतली, मांडीवर चामड्याचा तुकडा टाकला, गोल दगडानं कडेला एकच टोला दिला आणि अशी पातळ कपची काढली की तिनं माझ्यासमोर पेरूच्या फोडी केल्या! मी तिथेच खलास!

मग रोज शिकवणी सुरू. दगड आधी कानाशी धरून वाजवायचा. टण्ण वाजला तर चांगला, ठप्प वाजला तर आत चीर. मग टोला. "जोर नको मास्तर, जागा बघा," ते सांगायचे. मी जागा नीट बघायचो आणि टोला अंगठ्यावर बसायचा.

संशोधक परत गेले, पण मला नाद लागला तो लागलाच. घरामागे सदा टकटक, निम्म्या बोटांना चिंध्या. आई म्हणायची, "अरे, तू मास्तर आहे का पाथरवट आहे?" शेजाऱ्यांनी तर उठवलंच, की इंटिग्रेशनमध्ये मास्तर लोकांना आता खडी फोडायला लावलंय!

एवढ्या खटाटोपातून एकच हत्यार जमलं होतं. काळ्या दगडाची हात-कुऱ्हाड, एका टोकाला निमुळती. आईला ती बिघडलेली करंजी वाटायची. मला विचाराल तर आदिमानव ती बघून डोक्यावर घेऊन नाचला असता. मी तिला पिशवीत घालून सगळीकडे फिरायचो.

तर माझा बेत असा. साहेब वर्गात आले की त्यांच्यासमोर दगडाचं पातं काढून दाखवायचं. साहेब थक्क, बदली रद्द! फक्त त्यासाठी एक नामी दगड हवा होता.

म्हणून गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळीच राजघाट गाठला. पूर नुकताच ओसरलेला, काठावर नुसता गाळ आणि विटांचे तुकडे. घाटावर चिटपाखरू नाही. मी हताश होऊन वळतो तो काय, समोरून एक बाई येतायत. नऊवारी, नाकात नथ, हातात ताम्हन. आणि ताम्हनात, अहाहा, पाच दगड! गुळगुळीत, ओले, आणि त्यात एक मधाच्या रंगाचा अकीक, अंगठीत बसवतात तसला!

तुम्ही कपाळावर हात मारलात, दिसलं मला. मारा! पण माझी बाजू ऐका. आमच्या घरी गौरी म्हणजे मुखवट्यांच्या, साड्या नेसून उभ्या राहणाऱ्या. नदीवरून पाच खडे आणून त्यांनाच गौर म्हणून पुजणारी घरं असतात, आणि खडे घेऊन घरी पोहोचेपर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरून एक शब्द बोलायचा नसतो, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, गणपतीच्या आरासीत डोंगर करायला नेतायत.

"बाई, जरा दगड बघू?"

उत्तर नाही.

"घाबरू नका, मी मास्तर आहे."

उत्तर नाही. गाल मात्र फुगलेले.

"दात दुखतोय का? लवंग धरा."

बाईंचे डोळे केवढे तरी झाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरेरे, बोलताच येत नाही ह्यांना! मी तोंडानं म्हणालोसुद्धा, "मुक्या दिसतात बिचाऱ्या!" आणि मग काय केलं असेल मी? मोठ्यानं ओरडून बोलायला लागलो, तेही हिंदीत, वर हातवारे! मुक्या माणसाला मराठी कळत नाही, हिंदी कळतं, हे मला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

"ये पत्थर! बहुत अच्छा! मेरे को चाहिए!"

बाई जोरजोरात मान हलवू लागल्या. मला वाटलं, दगड चांगला नाही म्हणतायत. म्हणजे बाई जाणकार! मी अकीक उचलला, पिशवीतून कुऱ्हाड काढली, कानाशी धरून हलकेच वाजवला. टण्ण! "चीर नाही, बघा! अब इसको ऐसा मारना!" असं म्हणत मी कुऱ्हाड हवेत दोन-चारदा जोरात फिरवून दाखवली.

बाई मागे सरकल्या. चेहरा पांढराफटक. आणि त्यांनी अख्खं ताम्हन माझ्यापुढे धरलं.

काय उदार बाई, मी म्हटलं! सगळेच न्या म्हणतायत! पण आपण का हावरट आहोत? मी एक अकीक तेवढा ठेवून घेतला. आणि फुकट घेणं बरं दिसत नाही, म्हणून माझी एकुलती एक कुऱ्हाड त्याच्या जागी ताम्हनात ठेवली. बाई पायऱ्या चढून वर उभ्या असलेल्या टांग्याकडे अशा पळाल्या की नऊवारीत इतकं पळता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, भेट आवडली!

घरी येऊन म्हटलं, तपासणीआधी एक टोला मारून बघू. फक्त एक. तो अकीक खडीसाखरेसारखा फुटला. कपच्या अंगणभर उडाल्या आणि मी हळहळत झोपलो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा निरोप: साहेबांकडे गौरीजेवण आहे, दापोऱ्याहून केळीची पानं आणून पोचवा आणि जमलं तर बदलीचंही बोलून घ्या. मी खुशीत दाढी केली, दापोरा गाठलं. बागवाला म्हणाला, "साहेबाले पानं? न्या ना मास्तर, चांगले पाहून न्या! पन आमच्या दापोऱ्याचं नाव सांगजा."

पानांचा भारा घेऊन लालबागेतच साहेबांचं घर होतं, त्याच्या ओसरीत शिरलो. साहेब घुश्शात.

"या मास्तर. तुमच्या गावात दरोडेखोर फार माजलेत हो! काल राजघाटावर आमच्या मंडळींना एकानं अडवलं. दाढी वाढलेली, बोटांना चिंध्या, हातात धारदार दगड! धाक दाखवून गौर पळवली!"

माझी बोटं आपोआप पानांच्या भाऱ्याखाली गेली.

"गौर? पळवली?"

"आमच्याकडे खड्यांच्या असतात. तोंडात चूळ, ओरडणार कशी बिचारी? आणि जाताना हे ठेवून गेला, बघा. कोतवालीत वर्दी दिलीय मी."

मी आत डोकावलो. पाटावर चार गुळगुळीत खडे, आणि मधोमध माझी कुऱ्हाड! हळदकुंकू लावलेली, कापसाचं वस्त्र घातलेली, समोर करंज्यांचा नैवेद्य. शेजारी साहेबांच्या आई, म्हणजे माई, बसलेल्या.

"ताम्हनातून घरात आली ती गौरच," माई म्हणाल्या. "जरा टोकदार आहे, पण विसर्जनापर्यंत मी कुणाला हलवू देणार नाही."

आता शहाणा माणूस काय करील? पानं ठेवून पळेल! मी वळलोही होतो. पण तेवढ्यात साहेब म्हणाले, "काय पण ओबडधोबड दगड! कुणा अडाण्यानं ठोकलेला दिसतो."

सांगा, कसं सहन होईल?

"ओबडधोबड?" मी गर्रकन वळलो. "साहेब, दोन्ही बाजूंनी कपच्या काढल्यात! ती धार बघा! नख गेलंय माझं ह्या कुऱ्हाडीपायी!"

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं बाई! हाच तो! लवंग धरा म्हणणारा!"

मुकी बाई बोलली! आणि बोलली म्हणजे काय, आदल्या दिवसाची सगळी उधारी फेडून घेतली. "मी मुकी काय? माझा दात दुखतो काय? आणि ते हिंदी! मेरे को चाहिए!" मी पानांच्या भाऱ्यामागे दडून बसलो. बसल्या जागी मला सरगुजा दिसू लागला.

"आमची गौर कुठाय?" माईंनी विचारलं.

"आहे ना. म्हणजे... एकीच्या बऱ्याच झाल्यात."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माईंना काय झालं कोण जाणे, त्या हसायला लागल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. "उद्या विसर्जन. त्या गौरीचा कण न् कण गोळा करून आणायचा आणि सगळ्या गौरी तुम्ही तापीत पोचवायच्या. इथून घाटापर्यंत पायी, तोंडात चूळ धरून. नेताना चूळ धरायचा रिवाज नाही आमच्यात. पण तुमच्यासाठी पाडते."

त्या संध्याकाळी मी आणि आईनं अंगणातली माती पिठाच्या चाळणीनं चाळली. आई प्रत्येक कपचीला नमस्कार करायची आणि मग माझ्याकडे असं बघायची की नको ते!

तिसऱ्या दिवशी लालबागेतून आमची मिरवणूक निघाली. पुढे मी, दोन्ही हातांत ताम्हन, गाल फुगलेले. बाजूला साहेब. मागे बाबूलालचा टांगा, त्यात माई आणि बाईसाहेब. आयुष्यात कधी न दिसलेली माणसं नेमकी त्या दिवशी भेटली! "काय मास्तर, कुठं?" "मास्तर, निकाल कधी?" "काय हो, बोलत का नाही?" मला न बोलता राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पोट दुखायला लागलं. शेवटी बाबूलालच टांग्यावरून ओरडू लागला, "मास्तरसाब आज मुके आहे भाऊ! रस्ता द्या! तंग नका करू!"

घाटाच्या पहिल्या पायरीवर साहेब थांबले. प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, मी रात्रभर विचार केला. तुम्हाला दगडांचा एवढा नाद! इथे केळीच्या बागांत तुमची किंमत कुणाला? सरगुज्याला एक जागा रिकामी आहे. तिकडे दगडच दगड. आजच तार करतो. काही अडचण असेल तर आत्ता बोला."

आत्ता बोला!

हात ताम्हनात अडकलेले, तोंड पाण्यानं भरलेलं. मी नुसते डोळे फिरवत राहिलो. मग केविलवाणा होऊन बाईसाहेबांकडे पाहिलं. तोंडात चूळ असताना माणसाची काय गत होते, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी शांतपणे पदर सावरला.

"अहो, ते कसे बोलतील? मुके दिसतात बिचारे!"

"डोळ्यांत पाणी आलंय," साहेब म्हणाले. "आनंद झाला म्हणायचा. करतो तार." आणि ते वळले.

मी चूळ गिळली! अर्धी घशात गेली, अर्धी नाकातून बाहेर आली.

"साहेब, नको! सरगुजा नको! आई एकटी आहे हो! मला दगड नकोत, मला बुऱ्हाणपूर हवंय! आयुष्यात खडा उचलणार नाही, भातातलासुद्धा नाही!"

साहेब बाईसाहेबांकडे बघून म्हणाले, "जिंकलीस. घाटापर्यंत कसाबसा टिकला, पण पाण्यापर्यंत नाही."

तार-बीर काही नव्हतीच! रात्री जेवताना नवरा-बायकोची पैज लागली होती: सरगुज्याचं नाव काढलं की मी चूळ मोडणार, असं बाईसाहेबांचं म्हणणं. बदलीचा कागद साहेबांनी सकाळीच रद्द केला होता, कोतवालीतली वर्दीही मागे घेतली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच ताम्हनासकट गिरकी घेतली.

"नाचू नका," टांग्यातून माई म्हणाल्या. "नेम मोडला. परत घरी चला. पुन्हा चूळ भरा आणि पहिल्यापासून या."

आलो! दुसऱ्या फेरीला तर अख्खी लालबाग रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. माझी कुऱ्हाड तापीत सोडताना मला थोडं रडू आलं, पण ते सांगायलाही तोंड मोकळं नव्हतं.

बदली टळली, कायमची टळली. मी बुऱ्हाणपुरातच इतिहास शिकवत म्हातारा झालो. घंटा झाली तरी माझा तास संपायचा नाही, पोरं दप्तर भरून ताटकळायची. आत्ता तुम्हालाही मी एक शब्द बोलू दिलेला नाही. पण कधी बुऱ्हाणपूर स्टेशनावर उतरलात तर माझं खरं नाव सांगून बघा, एकाही टांगेवाल्याला कळणार नाही. "मुक्या मास्तरांकडे जायचंय" म्हणा, थेट दारात आणून सोडतील!