केतकीची मुलाखत आणि आमची नम्रता

हा घोळ कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण सांगतोच. नाहीतर धारची अक्का सांगेल, आणि तिच्या सांगण्यात तिचा स्वतःचा वाटा नेमका गळून जाईल.

आमची केतकी तेव्हा बारावीला. देवासमध्येच वाढलेली. तिने अमेरिकेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत अर्ज केला. मी आधी हसलो. मग रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाची खोड, बसून सगळी माहिती वाचून काढली. हसू थांबलं. अर्ज जगभरातून, घेणार मूठभर. त्यात परदेशी मुलं आणखी कमी. त्यातही ‘खर्च तुम्हीच करा’ म्हणणाऱ्यांची रांग वेगळी, आणि आम्ही त्या रांगेत! पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर अमेरिका, नाहीतर रोज इंदूरची बस. मधलं काही नाही.

“बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी घेतलंय,” केतकी म्हणाली.

एक दिवस मेल आला. त्याच युनिव्हर्सिटीत शिकून आलेल्या, इंदूरला राहणाऱ्या एक मॅडम केतकीची मुलाखत घेणार आणि रिपोर्ट पाठवणार. तिथल्याच, इंदूर बायपासवरच्या कॉफी शॉपमध्ये. पालकांनी सोबत बसू नये, असं स्पष्ट लिहिलेलं.

आता तुम्हीच सांगा, पोरीला अनोळखी माणसासमोर एकटं सोडायचं? आम्ही फक्त पोचवायला गेलो. मी, माझी बायको मंगल, आणि धारहून खास आलेली माझी थोरली बहीण अक्का. “वडीलधारं कोणी नको का?” हे तिचं म्हणणं. पोचवून झाल्यावर आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो, इतकंच. सोबत बसलो नाही.

अक्काने पिशवीतून पोह्यांचा डबा काढला. वेटर धावत आला.

“माताजी, बाहर का नी चलेगा यहाँ.”

“बाहर का नहीं है, घर का है!” अक्काने त्याला ठणकावलं.

तिकडे मुलाखत रंगली होती. मॅडम तरुण, पाठीला सॅक, मधूनमधून मोठ्याने हसत होत्या. मी मनात म्हटलं, जमलं! मग त्या उठल्या आणि, काय सांगू, सरळ आमच्या टेबलाशी आल्या.

“नमस्ते अंकल. आपकी बेटी बहुत तेज़ है.”

झालं! तोंडावर पोरीचं कौतुक केलं, तर आपल्याकडे काय करतात? ‘हो, आहेच’ म्हणतात? दृष्ट नाही लागणार? आईबापाने दोन पायऱ्या खाली उतरून बोलायचं, ही रीत. मीही उतरलो.

“अरे काहे की तेज़, मैडम! सुबह आठ बजे तक बिस्तर में रहती है.”

मॅडमच्या भुवया वर गेल्या. “अच्छा? पर घर में तो काफ़ी हाथ बँटाती होगी?”

“हाथ?” आता मंगल उतरली. “अपनी थाली तक नहीं उठाती!”

अक्का कशी मागे राहील? “और जवाब देती है जी. बड़ों को उलटा जवाब!”

मॅडमनी मोबाइल काढला आणि भराभर काहीतरी टाइप केलं. नमस्कार करून गेल्या. आम्ही तिघं खूश! काय नम्रता, काय संस्कार! रिपोर्टमध्ये घरच्यांचेही मार्क असणार, असं मी मंगलला म्हटलंसुद्धा.

परतीच्या बसमध्ये केतकी आमच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसली. घरी आल्यावर बोलली.

“बाबा, त्यांनी मला विचारलं, घरी काय काय करतेस. मी खरं ते सांगितलं. पहाटे उठून आईला डबे भरू लागते. निबंधही त्याच्यावरच लिहिलाय मी. आता मी खोटारडी ठरले.”

हे मात्र खरं होतं. मंगल फॅक्टरीतल्या पहिल्या शिफ्टवाल्यांना डबे पुरवते. दोन-चार डबे नव्हेत, चांगली टोपलीभर! गेली कित्येक वर्षं ते केतकीच भरते. मंगलने कपाळावर हात मारला. अक्का पोह्यांचा डबा घासायला घेऊन गेली. आणि मी? मी कॉम्प्युटरसमोर बसलो. चूक मुद्देसूद दुरुस्त करायला नको?

मॅडमना मेल लिहिला. चांगला लांबलचक. ‘माझी मुलगी रोज पहाटे उठते. आठपर्यंत झोपतो तो मी. थाळी न उचलणाराही मीच. उलट उत्तरं देण्यात आमच्या घरात पहिला नंबर माझ्या बहिणीचा.’ पुरावा म्हणून रोजनिशीच्या पानांचे फोटो जोडले. ‘उठलो तेव्हा केतकीचे डबे भरून झालेले’, असं किती ठिकाणी सापडलं म्हणता! मंगलकडून वाचून घेतला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. “अंकल, पेरेंट्स की बात रिपोर्ट में जाती ही नहीं. और उस वक़्त मैं अपनी मम्मी को मैसेज कर रही थी कि यहाँ भी बिलकुल आप जैसे लोग मिल गए. मेरी तारीफ़ सुनकर वो भी यही करती हैं.”

मार्चअखेर निकाल लागला. घेतलं! पूर्ण खर्चासकट! मंगल पोळ्या लाटता लाटता रडली. केतकी नुसतीच हसत होती. मी ठरवलं, आता बस झाली नम्रता. कोणी अभिनंदन केलं की छाती काढून सांगायचं, हो, आहेच हुशार!

तेवढ्यात शेजारचा पवन दारात. “क्या बात है काका! छोरी ने तो नाम कर दिया!”

केतकी माझ्याकडे बघत होती. मंगल लाटणं हातात धरून बघत होती. मी तोंड उघडलं.

“अरे काहे का नाम, भिया! इस साल उनको कोई मिला नी होगा.”

केतकी हसत आत गेली. मंगल मात्र बोलली.

“पोरगी ऑगस्टमध्ये जाणार. मग पहाटे डबे कोण भरणार?”

“बघू की. एखादी बाई ठेवू.”

“बाई कशाला? आठपर्यंत कोण झोपतं, ते लेखी आहे माझ्याकडे. फोटोंसकट.”

सध्या मी रोजनिशी भल्या पहाटेच लिहितो. अर्थात, डबे भरून झाल्यावर.