तीन अंश

आमच्या दगडांच्या विभागात सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सगळे काटकोन म्हणत. तोंडावरसुद्धा. माणूस नाकासमोर चालणारा, आणि बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर. नव्या मुलांना सांगायचा, "ध्रुवक म्हणजे प्रकाश एकाच दिशेने कंपू देणारी काच. खाली एक ध्रुवक, वर एक ध्रुवक. दोघं काटकोनात आले की मिट्ट काळोख. मग दगडाचा पातळ काप ठेवा, कण कसे रंग उधळतात बघा." मी शेजारच्या खोलीत स्टोअर सांभाळतो. एकतीस वर्षं हे प्रवचन मला फुकट ऐकायला मिळालं.

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना त्याने खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक शेवटचा तपासायला घेतला. त्यावर एक संशोधक मुलगी दोन वर्षं काम करत होती. गोल चकती फिरवायची, कण कितव्या अंशावर काळा पडतो ते वाचायचं, वहीत लिहायचं. असे आठशे कण. प्रबंध द्यायला तिला तीन आठवडे राहिले होते.

त्याने आधी भिंगं मध्यावर आणली, म्हणजे चकती फिरली तरी कण जागचा हलत नाही. काळोख पाहिला, तो चोख होता. मग काळ्या अभ्रकाचा काप लावला. अभ्रकातल्या रेषा भिंगातल्या फुलीच्या तारेला समांतर आल्या की तो काळवंडायला हवा. तो तीन अंश पुढे जाऊन काळवंडला. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तीन. चष्मा पुसला. तीनच.

दोन्ही ध्रुवक एकमेकांशी काटकोनात होते, पण जोडीने तिरके बसले होते. दोन साक्षीदारांनी आपसात ठरवून खोटं बोलावं, तसं. नुसत्या काळोखावरून हे कुणालाच कळलं नसतं. मुलीचे कोन चुकले होते, आणि ध्रुवक बसवणारा हात त्याचाच होता.

स्क्रूड्रायव्हर घ्यायला तो स्टोअरमध्ये आला तेव्हा त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "दोन तर स्क्रू आहेत. सरळ कर आणि गप घरी जा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तिचे आकडे?"

"तीन अंश कोण बघतंय?"

या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला आणि मुलीला बोलावून आणलं. आधी सरळ केलं असतं तर तिला दाखवणार काय?

मीही मागोमाग खिडकीशी गेलो. तिने पाहिलं आणि स्टुलावर बसली. "काका, माझे आठशे कण..."

"चूक माझी आहे. तुम्ही चकती नेहमी एकाच बाजूने फिरवलीत ना? मग प्रत्येकातून तीन वजा करा."

तिचा जीव भांड्यात पडला. पण मुलगी हुशार. "सगळ्यांतून? हे कधीपासून आहे, काका?"

खरी मेख तिथेच होती. आधीचे आकडे बरोबर होते. त्यांतून तीन वजा केले तर तेही बिघडणार.

"गेल्या वर्षी, सतरा मार्च, मंगळवार," तो लगेच म्हणाला. "सकाळी अकराला. वरचा ध्रुवक पुसला, खालचा फिरवून काळोख जुळवला. अभ्रक लावला नाही."

"विसरलात?"

"नाही. ध्रुवक हातात असताना दवाखान्यातून फोन आला. बायको गेली म्हणाले. तुम्ही साडेअकराला येणार होतात, मशीन उघडं कसं टाकणार? घाईघाईने बसवला आणि निघालो."

त्याची बायको गेल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. फोनचं आज कळलं. मुलीने वही उघडून त्या तारखेवर रेघ मारली. माझ्याच्याने तिथे उभं राहवेना.

सतरा मार्चला तो सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन निघाला, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "काय काटकोन, आज लवकर सुटलास?"

"हो," तो म्हणाला होता, "जरा घरचं काम आहे."